न्याहाळकाची निवड

आमच्या नागांवच्या घरांत आवडीनिवडींवरून वाद होणें कांहीं नवें नाहीं. कोणाला सोलकढींत मिरची हवी, कोणाला ती दृष्टीसही नको. कोणाला दुपारची झोंप माजघरांत लागते, कोणाला पडवीवरच लागते. हे वाद पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांनीं कोणाचें कांहीं बिघडलेलें नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत जेवणें आटोपल्यावर तीन रात्री जो वाद पडवीवर चालला, त्याचा विषय अगदीं नवा होता. घरांत जो एक सामाईक संगणक आहे त्यावर ब्राउझर कोणता असावा, हा तो विषय.

ब्राउझरला मराठींत कोणीं तरी ‘न्याहाळक’ असें सुरेख नांव दिलें आहे. तेंच मी येथें योजतों. महाजालावरील पानें ज्याच्या द्वारें आपण पाहतों तो न्याहाळक. पुष्कळांना तो आणि गुगल एकच वाटतात. गुगल हा पत्ता शोधून देणारा आहे. त्या पत्त्यावर आपल्याला नेऊन पोंचविणारा तो न्याहाळक. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हीं सर्व त्यांचींच नांवें. तीं आपल्या फोनवर रोज दिसतात, परंतु त्यांतून निवड करावयाची असते हें बहुतेकांच्या मनांतही येत नाहीं. आमच्याही आलें नव्हतें. तें कसें आलें ती हकीकत मात्र गंमतीची नाहीं.

एके दिवशीं सकाळीं पनवेलच्या गाड्यांच्या वेळा पाहाव्या म्हणून मी संगणकापुढें बसलों. ‘गा’ एवढें अक्षर उमटलें न उमटलें तोंच न्याहाळकानें माझें वाक्य आपण होऊन पुरें केलें: ‘गांठ कर्करोगाची आहे हें कसें ओळखावें’. पूर्वीं कोणीं तरी जें विचारलें होतें तें त्यानें लक्षांत ठेवून माझ्यापुढें मांडलें होतें. मागील नोंद उघडून पाहिली, तों त्याच धाटणीचे आणखी चार प्रश्न; आणि वेळा सर्व दुपारच्या, म्हणजे घर झोपलेलें असतां वहिनी एकट्याच जाग्या असतात त्या. मीं गप्प बसावयास हवें होतें. तें न करतां रात्रीं सर्वांच्या पानावर भात पडत असतां मीं विचारलें, “वहिनी, प्रकृति बरी आहे ना? गांठीचें कोणाला दाखविलेंत कां?” वाढतां वाढतां त्यांचा हात थबकला. दादा त्यांच्याकडे पाहूं लागले, काकू माझ्याकडे, आणि पंगतींत कोणीच बोलेना.

सुदैवानें अलिबागेस तपासणी झाली आणि गांठ निरुपद्रवी ठरली. परंतु त्यानंतर वहिनी मला जें बोलल्या तें मी विसरूं शकत नाहीं. त्या म्हणाल्या, “भावोजी, भय मला होतेंच. पण तें केव्हां सांगावयाचें आणि आधीं कोणाला सांगावयाचें, एवढें तरी माझ्या हातांत होतें. तेंही तुम्हीं ठेविलें नाहीं.”

एकत्र कुटुंबांत चूल एक असते, देवघर एक असतें. तरी प्रत्येकाची एक ट्रंक निराळी असते आणि ती दुसरा कोणी उघडीत नाहीं. ह्या मर्यादेवरच आपलीं मोठीं घरें टिकलीं. सामाईक संगणक आला आणि ह्या सगळ्या ट्रंका आपण नकळत उघड्या टाकल्या. ही सवय कोणा एका न्याहाळकाची नव्हे. विचारलेलें लक्षांत ठेवणें ही सर्वांचीच रीत आहे. तेव्हां निवडीची पहिली कसोटी अशी ठरली कीं, घरांतल्या घरांत एकाचें मन दुसऱ्यापुढें उघडें पडूं नये.

ह्यावर दोन उपाय आहेत. क्रोम, एज आणि फायरफॉक्स ह्या तिहींत प्रत्येकाची ‘प्रोफाइल’ निराळी करतां येते. एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या सूचनांत मिसळत नाहींत. परंतु ही नुसती कडी आहे, कुलूप नव्हे. ज्याला पाहावयाचें आहे तो दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्यें सहज जाऊं शकतो. कुलूप हवें तर खुद्द संगणकावरच प्रत्येकाचें निराळें खातें आणि निराळा परवलीचा शब्द पाहिजे. पुतण्या म्हणाला, “त्यापेक्षां गुप्त खिडकी उघडावी म्हणजे झालें.” ही खिडकी मिटली कीं न्याहाळक त्या भेटीची नोंद पुसून टाकतो हें खरें. परंतु ती घरांतल्यांपासून लपविते, बाहेरच्यांपासून नव्हे. आपण ज्या स्थळीं गेलों त्याला आणि ज्याची जोडणी घेतली त्याला आपली चाहूल लागतेच. गुगलच्या अशा खिडकीसंबंधीं अमेरिकेंत २०२० सालीं दावा झाला होता; २०२४ सालीं तडजोड होऊन जमविलेल्या कोट्यवधि नोंदी नष्ट करण्याचें त्या कंपनीनें कबूल केलें. जिला आपण बंद खोली समजत होतों तिचीं दारें किती होतीं, हें त्यावरून समजावें.

दुसऱ्या रात्रीं ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न निघाला. काकूंचे वय ब्यायशीं. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. त्यांना मायक्रोसॉफ्टचा एज हवा, कारण तो पान मराठींतून मोठ्यानें वाचून दाखवितो. त्यांत एक स्त्रीचा व एक पुरुषाचा असे आवाज आहेत. काकूंना पुरुषाचा आवडतो, कारण तो म्हणे कीर्तनकारासारखा सावकाश बोलतो. पुतण्यानें वाडींतल्या दोन खोल्या पर्यटकांसाठीं ठेविल्या आहेत. त्याचा सारा व्यवहार क्रोमवर, कारण फोनवर उघडलेलें पान त्याला संगणकावर लागलींच सांपडतें. दादांना मुलानें परदेशांतून आयफोन पाठविला, तेव्हांपासून ते सफारीवाले. मला फायरफॉक्स प्रिय, कारण त्याच्या सूचना शुद्ध मराठींत घेतां येतात आणि माग काढणाऱ्या पुष्कळशा कुकींना तो २०१९ पासून आपण होऊन अटकाव करतो.

कुकी म्हणजे एखाद्या स्थळानें आपल्याच न्याहाळकांत ठेविलेली खुणेची चिठ्ठी. दुकानदारानें आपल्या गिऱ्हाइकाला ओळखण्यासाठीं ती ठेविली तर त्यांत वावगें नाहीं. परंतु जाहिरातवाले तिऱ्हाईत अशाच चिठ्ठ्या दारोदार ठेवून आपण कोठकोठें जातों ह्याचा नकाशा काढतात. सफारीनें २०२० पासून ह्या तिऱ्हाईत चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या. क्रोमही बंद करणार असें कित्येक वर्षें जाहीर होत होतें. २०२४ च्या जुलै महिन्यांत तो बेत सोडून देण्यांत आला. क्रोमचा मालक गुगल, आणि गुगलचें मुख्य उत्पन्न जाहिरातींचें. मग आश्चर्य तें कसलें? उलट, फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाचें बहुतांश उत्पन्नही गुगलकडूनच येतें, हें न सांगितलें तर मी पक्षपाती ठरेन.

येथें पुतण्यानें मार्मिक प्रश्न केला: “आपण ह्यांतलें निवडलें काय? जें फोनबरोबर आलें तें वापरलें.” खरेंच आहे. अँड्रॉइड फोनबरोबर क्रोम आला, आयफोनबरोबर सफारी, विंडोजबरोबर एज. आपण जी निवड करीत नाहीं, तिची बाजारांत केवढी किंमत आहे हें अमेरिकेंतील गुगलविरुद्धच्या खटल्यांत उघड झालें. सफारींत शोधयंत्र म्हणून आरंभापासून गुगलच असावा एवढ्यासाठीं गुगलनें अॅपलला २०२२ सालीं सुमारें २० अब्ज डॉलर दिले. गिऱ्हाईक सेटिंग उघडून दोन ठिकाणीं बोट लावण्याचा आळस करतें, ह्या भरंवशावर इतका पैसा लागला आहे.

आणि ह्या आळसाची किंमत आपण मराठी वाचकांनीं एकदां मोजलेली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसामान्यांना इंटरनेट खुलें केलें आणि थोड्याच वर्षांत आपलीं दैनिकें महाजालावर आलीं. परंतु प्रत्येकाचे खिळे, म्हणजे फॉन्ट, निराळे. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आंत सांठविलेलें असे तें भलतेंच रोमन चिन्ह. ते विशिष्ट खिळे न्याहाळकानें आणले तरच त्याचा ‘क’ व्हावयाचा. नेटस्केप मागें पडल्यावर बहुतेक स्थळें विंडोजबरोबर येणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररपुरतींच तपासलीं जाऊं लागलीं. दुसऱ्या न्याहाळकानें उघडावें तों रोमन अक्षरांचा काला. मला स्मरतें, त्या दिवसांत मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानें आमच्या पडद्यावरील मराठी वृत्तपत्र पाहून, “ही कोणती भाषा?” म्हणून विचारलें होतें.

ह्याला उतारा नव्हता असें नाहीं. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच, १९९१ सालीं, देवनागरी आली होती. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडांत वाढला. पुढें दैनिकेंही त्या वाटेला लागलीं. आज कोणताही प्रमुख न्याहाळक ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द नीट निराळे दाखवितो. आम्हां समुद्राकांठच्यांना तो भेद महत्त्वाचा! परंतु मधल्या वर्षांतील जीं पानें कोणीं उतरवून घेतलीं नाहींत, त्यांची कथा निराळी. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टनें १५ जून २०२२ रोजीं निवृत्त केलें, आणि तीं पानें वाचण्याचें नेहमींचें दार बंद झालें. अवघ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचें मराठी गद्य आज अक्षर असूनही सहज वाचतां येत नाहीं.

नागांवला लागूनच आक्षी हें गांव आहे. तेथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानितात. मराठीचा सर्वांत जुना शिलालेख म्हणून कित्येक अभ्यासक त्याकडेच बोट दाखवितात. शिलाहार राजा केशिदेव ह्याच्या कारकीर्दींतील देवीसाठीं दिलेल्या धान्याच्या दानाची ती नोंद. खारा वारा, पाऊस आणि माणसांची उपेक्षा सोसूनही तो लेख वाचतां येतो. वाचावयाला लिपीचा जाणकार लागतो. परंतु कोणा कारखानदाराचें साधन लागत नाहीं. दगडाला हजार वर्षें साधलें तें आपल्या वृत्तपत्रांना पंचवीस वर्षेंही साधलें नाहीं, कारण त्या वेळीं सर्वांनीं एकाच दारानें ये-जा केली आणि दुसरें दार आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं.

आज तसें होणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. बाजारांत न्याहाळक पुष्कळ दिसतात, परंतु आंतलें यंत्र पाहिलें तर क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विव्हाल्डी ह्या सर्वांचें क्रोमियम हें एकच. चेन्नईच्या झोहो कंपनीचा ‘उला’, ज्याला २०२५ च्या मार्च महिन्यांत केंद्र सरकारच्या स्वदेशी न्याहाळक स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें, त्याच्याही बुडाशीं तेंच. पाट निराळे मांडले तरी चूल एकच. निराळ्या चुली म्हणाव्या तर दोनच मोठ्या उरल्या: फायरफॉक्सची आणि सफारीची. पानें रचणाऱ्यांनीं पुन्हां एकाच चुलीपुरतें शिजवावयाचें ठरविलें, तर मागचाच प्रसंग निराळ्या नांवानें येईल. दुसऱ्या चुलीवर जेवणारीं कांहीं माणसें राहिलीं, तरच ती पेटती राहील. म्हणून माझी आवड ही केवळ माझी आवड नव्हे, असें मी पडवीवर जरा मोठ्यानेंच म्हणालों.

तिसऱ्या रात्रीं निकाल लागला तो मात्र माझ्या व्याख्यानानें नव्हे. काकू म्हणाल्या, “वाचून दाखविणारा माझा मला ठेवा, बाकीच्यांनीं आपापलें पाहावें.” त्याप्रमाणें संगणकावर एज, क्रोम आणि फायरफॉक्स हे तिन्ही ठेविले आहेत. पुतण्यानें एखादें स्थळ एकांत उघडेना तर तें दुसऱ्यांत उघडून पाहावें आणि त्या स्थळवाल्याला तसें कळवावें, असें ठरलें. तो कुरकुरत कां होईना, कळवितो. प्रत्येकाचें खातें निराळें केलें. सांठविलेले जुने शब्द व नोंदी पुसून टाकल्या, आणि बँकेचा परवलीचा शब्द सामाईक खात्यांत ठेवावयाचा नाहीं असा नियम झाला. सगळ्याला मिळून एक दुपार लागली.

वाचकांच्या घरींही अशी एक दुपार काढतां येईल. कोणता न्याहाळक घ्यावा हें मी सांगत नाहीं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांची, कानांची आणि कामाची गरज निराळी. घेतला तो आपण निवडून घेतला असावा, एवढेंच म्हणणें आहे.

वहिनींनीं आपल्या खात्याला कोणता परवलीचा शब्द दिला आहे, तें घरांत कोणालाही ठाऊक नाहीं. दुपारीं पडवीवरून मला त्यांच्या बोटांचा आवाज ऐकूं येतो. मी उठून पाहावयास जात नाहीं.