पहिली दहा मिनिटं

जून उजाडला की ताम्हिणी, अंधारबन, घनगड, तैलबैला या वाटांवर गटांची रीघ लागते आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘रात्री शेकोटी’ हमखास छापलेली असते. मुळशीच्या पावसात हा शब्द पाळताना काय होतं, हे प्रत्येक लीडरला ठाऊक आहे. तरीही अनेक शिबिरांत आग पेटवायला शिकवतात ती डिसेंबरात, कोरड्या काटक्यांवर.

जरा हिशेब मांडू. निम्मं पाणी असलेल्या किलोभर लाकडातलं अर्धा लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण 1.3 मेगाज्यूल उष्णता लागते. उरलेला अर्धा किलो कोरडा भाग जळून साधारण 9 मेगाज्यूल देतो. म्हणजे भरात आलेली आग ओलं लाकूडही पचवते. खोट येते ती सुरुवातीला. ज्योत बोटाएवढी असताना तिची सारी ऊब पाणी उडवण्यातच संपते. पावसाळी शेकोटीचं कसब या पहिल्या दहा मिनिटांपुरतंच आहे.

त्या दहा मिनिटांचं सामान रानात शोधू नये. परदेशी पुस्तकांतली भूर्जाची साल आणि चीडची राळ सह्याद्रीत मिळत नाही. हवेत 90 टक्के आर्द्रता टिकून राहिली, तर छपराखालच्या लाकडातही सुमारे 20 टक्के पाणी मुरतं. म्हणून गावकरी सरपण, गोवऱ्या आगोटीलाच भरतात आणि उद्याची लाकडं आज चुलीशेजारी लावतात. हाच धडा आपला. मुक्कामाच्या घरी आधीच सांगून सरपण विकत घ्यावं. घट्ट झाकणाच्या डब्यात काड्यापेटी, मेणबत्ती आणि पाण्याला न जुमानणारा कापूर असावा. लाकूड फोडून आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढाव्यात, खाली जाड ओंडक्यांचा थर द्यावा, ओली लाकडं आगीभोवती सुकत ठेवावीत. ओढ्यातले दगड चुलीला लावू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. रॉकेल-पेट्रोल ओतून भडका उडतो, लाकूड ओलंच राहतं.

जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका पोचेल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ची मनाई आहे. राखीव वनांत भारतीय वन अधिनियम, 1927 आडवा येतो. गुहेत किंवा तंबूत पेटवलेल्या आगीचा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेऊ शकतो. तेव्हा शेकोटी गावच्या अंगणात, घरमालकाच्या परवानगीनेच.

आणि भिजून कुडकुडणाऱ्याला त्या शेकोटीची वाट पाहायला लावू नये. आडोसा, कोरडे कपडे आणि स्टोव्हवरचा गोड चहा या क्रमाने त्याला सावरावं. आमचं संस्थांना सांगणं दोनच गोष्टींचं: आग पेटवण्याची परीक्षा जुलैत घ्या, आणि पावसाळी पत्रिकेतून शेकोटीचं आश्वासन काढून टाका.