रुमालाला बांधलेली किल्ली



विषय वाचून काहीजणी म्हणतील, आता हिला काय झालं? लोणची-पापड, सणवार यांवर लिहिणारी बाई गोल्फवर काय लिहिणार! पण गेलं दीड वर्ष मी दर रविवारी सकाळी गोल्फ शिकतेय. शिकता शिकता एका गोष्टीबद्दल माझं ठाम मत झालंय, आणि ते मत फक्त गोल्फपुरतं राहिलेलं नाही. म्हणून हा लेख.

गोल्फ आमच्या घरात आला तो टीव्हीवरून. ७ ऑगस्ट २०२१, शनिवारची सकाळ. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ पोहोचली होती. आम्हाला नियम कळत नव्हते, गुण कसे मोजतात ते कळत नव्हतं, तरी नाश्ता गॅसवर ठेवून आम्ही टीव्हीसमोर खिळून बसलो होतो. फक्त एका फटक्याने तिचं कांस्यपदक हुकलं, ती चौथी आली. मला आठवतोय तो तिचा शांतपणा. एवढ्या ताणातही तिच्या हातात कुठे घाई नव्हती. तेव्हाच आमचे हे म्हणाले, "रिटायर झालो की आपण दोघांनी हे शिकायचं."

ते रिटायर झाले. शुगर वाढली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि नुसतं चालायचा त्यांना कंटाळा आला. मग घरापासून अर्ध्या तासावरच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर आम्ही नाव घातलं. माझं वय ५४, त्यांचं ६०. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण दोघांनी मिळून नवीन काही शिकायची ही पहिलीच वेळ.

पहिल्या दिवशी हातात सेव्हन आयर्न नावाची स्टिक आली. सर म्हणाले, गुडघे किंचित वाकवा. कंबरेतून पुढे झुका. डावा हात सरळ. डोकं स्थिर. उजवं कोपर अंगाजवळ. मनगट अमुक ठिकाणी वळवा. कंबर आधी फिरवा, खांदे मागून. वजन डावीकडे न्या. हे सगळं डोक्यात ठेवून मी स्टिक फिरवली, आणि चेंडू जागचा हललासुद्धा नाही. पुढचा हलला, पण उजवीकडे पळाला. तिसऱ्या वेळी स्टिक मॅटवर अशी आपटली, की झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या.

मग सरांनी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि एका मोठ्या खेळाडूच्या व्हिडिओशेजारी लावून दाखवला. तो पंचविशीतला पैलवान गडी, आणि मी! बघून हसू आलं आणि रडूही आलं.

सर निदान आठवड्यातून तासभरच सांगायचे. आमचे हे तर मागेच उभे. "डोकं हललं." "हात वाकला." "घाई केलीस." स्वतःचा चेंडू कुठे जातोय हे बघायचं सोडून माझ्या चुका मोजायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा परत येताना गाडीत मी म्हटलं, "उद्यापासून मी येणार नाही. घरात बत्तीस वर्षं ऐकलं, आता मैदानातही ऐकायचं?" ते काही बोलले नाहीत. पुढचे चार रविवार एकटेच गेले. पाचव्या रविवारी तेही गेले नाहीत. पेपर उलटसुलट वाचत बसले. त्या दिवशी मात्र मला आत कुठेतरी चुटपुट लागली.

हे सगळं फोनवर ऐकून आमच्या लेकाने एक जुनं पुस्तक पाठवलं. लिहिणारे अर्नेस्ट जोन्स, इंग्लंडमधले गोल्फ शिक्षक. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गोल्फवर पोट असलेल्या माणसाचा पायच गेला! पण काही महिन्यांतच ते एका पायावर उभं राहून खेळले आणि अठरा होल ८३ फटक्यांत पूर्ण केले. दोन्ही पाय धड असलेल्या कितीतरी हौशी खेळाडूंना हा आकडा जन्मात गाठता येत नाही.

त्यांनी स्वतःशीच विचार केला असणार, की वजन असं टाका, पाय असा वळवा, ही सगळी शिकवण खरी असेल तर मला एका पायावर हे जमलंच कसं? उत्तर त्यांना हातात सापडलं. स्टिकचं टोक झुलवायचं, बाकी शरीर त्याच्यामागे आपसूक येतं. पुढे ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर चक्क एका खोलीत गोल्फ शिकवायला लागले. त्यांची शिष्या व्हर्जिनिया व्हॅन वी १९३२, १९३३ आणि १९३४ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची महिला अमॅच्युअर विजेती होती.

शिकवायचं त्यांचं साधन ऐका. एक रुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला छोटा चाकू. रुमाल हलकेच झुलवला, की तो ताठ राहतो आणि चाकू घड्याळाच्या लंबकासारखा सुंदर फिरतो. जोर लावून हिसका दिला, की रुमाल ढिला पडतो आणि चाकू भलतीकडेच जातो. रुमालाला ढकलता येत नाही, फक्त झुलवता येतं. गोल्फच्या स्टिकचंही तसंच, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी ह्यांचा मोठा रुमाल घेतला, टोकाला कपाटाची किल्ली बांधली आणि हॉलमध्ये उभी राहिले. हळूच झुलवली. मागे, पुढे. मागे, पुढे. लेक लहान असताना पाळण्याची दोरी अशीच ओढायचे मी. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की कोपर इथे ठेव आणि मनगट तिथे. दोरीला हिसका दिला की पाळणा अडखळतो आणि बाळ जागं होतं, हे हातालाच कळलं होतं. मुद्दाम जोर लावून बघितला, तर किल्ली उलटून माझ्याच मनगटावर बसली. पुरावा मिळाला!

तेवढ्यात हे आले. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "दे बघू." त्यांनी अशी काही ताकद लावली, की किल्ली शोकेसच्या काचेवर आदळली. काच वाचली. आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी इतके हसलो.

आता माझं मत सांगते. पन्नाशीला टेकलेल्या, आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या हौशी माणसाने जुना, क्लासिक स्विंगच शिकावा. त्याची कारणं अशी.

पहिलं कारण शरीराचं. क्लासिक स्विंग घडला तो लाकडी दांड्यांच्या काळात. अमेरिकेत पोलादी दांडे १९२४ मध्ये नियमात आले आणि ब्रिटनमध्ये १९२९ च्या अखेरीस. त्याआधीचे हिकरीच्या लाकडाचे दांडे वाकायचे, पिळवटायचे. हिसका दिला की टोक मागे राहायचं आणि चेंडू भरकटायचा. म्हणून त्या लोकांनी सावकाश, एका लयीत फिरायला शिकून घेतलं. मागे वळताना डाव्या पायाची टाच सहज उचलू द्यायची, खांद्यांबरोबर कंबरही मोकळी वळू द्यायची. आजकालच्या पद्धतीत बऱ्याचदा कंबर रोखून धरतात आणि खांदे पिळतात. त्याने ताकद येते, पण त्यासाठी पाठही तशी लागते. सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते अशा माझ्यासारखीने ती पिळवट का करून घ्यावी? टाच उचलायची मुभा मिळाली, तेव्हा माझी पाठ पहिल्यांदा मोकळी वळली.

आणि जुना स्विंग म्हणजे दुबळा, असं मुळीच नाही. बॉबी जोन्स लाकडी दांड्यांनीच खेळायचे, टाच उचलायचे. व्यवसायाने वकील, गोल्फ आयुष्यभर हौशी म्हणूनच खेळले. १९३० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या चार मोठ्या स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झाले.

दुसरं कारण लक्ष देण्याचं. चांगल्या खेळाडूची स्टिक वरून चेंडूपर्यंत येते ती पाव सेकंदाच्या आसपास. चेंडूला ती भिडलेली असते सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. एवढ्यात डोकं, कोपर, मनगट, कंबर यांची हजेरी कोण घेणार? मनात मावतो तो एकच विचार. मग तो टोकाच्या झुलण्याचा असू दे. चांगल्या खेळाडूंना मागे न्यायला लागणारा वेळ खाली यायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. मी मनात "एक, दोन, तीन" म्हणत मागे नेते आणि "चार"ला सोडते. बस्स.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते. सगळंच झुलण्यावर सोडून चालत नाही. बेन होगन यांचं १९५७ चं पाच धड्यांचं पुस्तक आजही शिकणारे वाचतात, आणि त्याचा पहिला धडाच पकडीचा आहे. पकड आणि उभं राहणं नीट शिकावंच लागतं, तेही शिक्षकाकडून. चेंडू निघतो तो मुख्यतः स्टिकचा चेहरा ज्या दिशेला असेल त्या दिशेने. आणि स्टिकची वाट व चेहरा यांत जेवढा फरक, तेवढा तो हवेत वळतो. पकड चुकली तर चेहरा उघडा राहतो, मग कितीही सुंदर झुलवा, चेंडू उजवीकडेच पळणार. फरक एवढाच, की पकड घरी, टीव्हीसमोर बसून घोटता येते. चेंडूसमोर उभं राहिलं की ती विसरायची.

पकडीचाच विषय निघालाय म्हणून सांगते. गोल्फचे चांगले हातमोजे बहुधा मेंढीच्या चामड्याचे असतात. मी दुकानात आधीच सांगितलं, चामडं नको. सिंथेटिक मिळाले, स्वस्त पडले आणि धुता येतात. आपल्यापैकी कुणी शिकणार असेल तर विचारून घ्या. आणि पकड किती घट्ट? रस्ता ओलांडताना नातवाचा हात धरतो तेवढी. सुटणार नाही, पण दुखणारही नाही. सामानाचंही तसंच. नियमाने १४ स्टिक ठेवता येतात, पण पहिलं वर्षभर मला सेव्हन आयर्न आणि पटर या दोनच पुरल्या.

पण मैत्रिणींनो, हे सगळं लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी.

मागच्या होळीला सूनबाई पहिल्यांदा पुरणपोळी करत होती आणि मी मागे उभी होते. "कणीक सैल झाली." "पुरण जास्त भरलंस." "कडा जाड राहिल्या." "तवा तापलाय, आच कमी कर." तिने लाटणं हळूच खाली ठेवलं. "आई, तुम्हीच करा ना, तुमच्याच छान होतात," असं म्हणून ती बाहेर गेली. मी मनात म्हटलं, आजकालच्या मुलींना आवडच नाही. त्यानंतर ती स्वयंपाकघरात यायची, पण नवीन काही करायला धजायची नाही.

मॅटवर उभी राहून ह्यांचं "हात वाकला, डोकं हललं" ऐकलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं, की त्या दिवशी तिच्या हातांचं काय झालं असेल. मीही तिला आठ सूचना एकदम दिल्या होत्या, आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. बरोबर सूचनाही आठ एकदम आल्या, की हात बांधले जातात.

या होळीला मी तिला एकच गोष्ट सांगितली, "लाटणं कडेकडेने फिरव." आणि गॅलरीत जाऊन बसले. बसवत नव्हतं, खरं सांगते! पहिल्या दोन फुटल्या, वास गॅलरीपर्यंत आला. मी उठले नाही. पाचवी टम्म फुगली, ती तिने मला बाहेर आणून दाखवली.

आम्हा दोघांचाही आता मैदानात एक करार आहे. स्टिक ज्याच्या हातात, त्याला दुसऱ्याने काही सांगायचं नाही. विचारलं तरच बोलायचं, आणि तेही एकच. माझे दहापैकी चार चेंडू बरे जातात. लांब म्हणाल तर ऐंशी यार्ड. कधीकधी मात्र स्टिक अशी गोड फिरते, की चेंडू लागल्याचं हाताला कळतच नाही, फक्त "टक्" असा आवाज येतो. मागच्या रविवारी तसा आवाज आला. मी वळून पाहिलं, तर हे तोंडावर बोट ठेवून उभे होते, आणि डोळे हसत होते.

किल्ली बांधलेला तो रुमाल अजून आमच्या बॅगेत असतो. कपाट उघडायचं झालं की घरभर शोधाशोध होते, ती वेगळीच.