चोर सोडून संन्याशास सुळी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० अर्भके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरास अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला व किमान ११ रोगी दगावले. मग न्याय काय झाला? नगरास एक डॉक्टर व तीन परिचारिका यांस अटक, भंडाऱ्यास परिचारिकांवर गुन्हे! त्यांची चूक असेल तर न्यायालय पाहून घेईल. त्यांची वकिली करण्यास आम्ही बसलो नाही. पण भिंतीतली वायर बदलण्याचा आणि पाण्याचे फवारे बसविण्याचा पैसा त्या बायांच्या पदरास बांधलेला होता काय?

२०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जीव गेले, त्यांत १२ नवजात. तेव्हा एक खासदार आले, त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करविला, आणि फोटो निघाले. वाहवा! ज्या कामास हे साहेब शिक्षा समजतात, त्याच कामावर बाळंतिणीचा जीव टांगलेला असतो. झाडणाऱ्या माणसास पुरता पगार व हातमोजे द्यावे, हे मात्र कोणास सुचत नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कलकत्त्याच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीची डॉक्टर मुलगी सभागृहात विसाव्यास टेकली असता तिच्यावर बलात्कार होऊन तिचा खून झाला. जेथे राखणाऱ्याचाच जीव राखला जात नाही, तेथे आपला रोगी कोणाच्या भरवशावर ठेवावा? सेवक सुरक्षित तरच रोगी सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालीच बजावले आहे. म्हणून बंधूंनो, डॉक्टरावर हात उगारू नका; तो आणि तुम्ही एकाच गळक्या छपराखाली आहात.

आमचे मागणे थोडके आहे. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेतच. त्यांत झाडूवाला, परिचारिका, शिकाऊ डॉक्टर व रोग्याचे नातेवाईक यांस हक्काची बैठक द्या. आणि वायर, दिवे, सुयांचे डबे, रात्रीचा पहारा एवढ्यापुरता वेगळा पैसा त्यांच्या संमतीनेच खर्च होऊ द्या. हिशेब दरवाजावरच्या पाटीवर लिहा. पैसा नाही म्हणता? राष्ट्रीय उत्पन्नाचा अडीच टक्के हिस्सा २०२५ पर्यंत आरोग्यास देऊ, असे सरकारने २०१७ च्या धोरणात स्वतःच लिहिले होते. ते साल उलटले, अडीच टक्के काही आले नाहीत. काडेपेटीवरसुद्धा कर भरणारे आपण. हा पैसा काही कोणाच्या वाडवडिलांचा नव्हे.

येत्या ग्रामसभेत ठराव करा, आणि आमदार मते मागण्यास आले की हिशेबाची पाटी कोठे आहे, एवढेच विचारा.