खरी कमाई आणि अम्मीची रोजी

गणपती जवळ आले की आमच्याकडे पावती पुस्तकं बाहेर पडतात. एका गल्लीत गणेश मंडळाची वर्गणी, शेजारच्या मोहल्ल्यात ईद-ए-मिलादच्या सजावटीचा चंदा. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे मिलाद गेली काही वर्षं गणपतीच्या आसपास येते आहे. २०२३ मध्ये तर अनंत चतुर्दशी आणि मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आले आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लीम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पावती पुस्तकाबद्दल मात्र दोन्हीकडे कुणी बोलत नाही. अशी वर्गणी गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे किती पोरांना माहीत असतं? दारात सात-आठ तरुण उभे राहिले की मजुरीवरून नुकतीच परतलेली बाई ‘नाही’ कशी म्हणणार? हा चंदा खुशीचा नसतो, भिडेचा असतो.

हे मी लिहितो आहे खरा, पण तीच चूक मीही केली आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो. स्काउट पथकही माझ्याकडेच आहे. एका मेळाव्याचे पैसे कमी पडत होते म्हणून मी मुलांना मोहल्ल्यात पावत्या घेऊन पाठवलं. फिरत फिरत एक मुलगा स्वतःच्याच दारात जाऊन उभा राहिला. सोबत मित्र होते, म्हणून त्याच्या आईने डब्यातून वीस रुपये काढून दिले. दुसऱ्या दिवशी तो वर्गात माझ्याकडे बघेना.

स्काउटमध्ये यावर उपाय आधीपासून आहे. त्याला ‘खरी कमाई’ म्हणतात. मागायचं नाही, काम करून कमवायचं. इंग्लंडमध्ये १९४९ पासून स्काउट मुलं एक शिलिंग घेऊन घरोघरची कामं करू लागली, त्याच जातकुळीचा हा उपक्रम. अमेरिकेत नाताळच्या आधी कितीतरी स्काउट पथकं सदाहरित झाडांच्या डहाळ्यांची गोल तोरणं विकतात. लोक ती दाराला लावतात. आपल्याकडे सदाहरित म्हणजे आंबा आणि तोरण म्हणजे दसरा. हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे मुलांनी मदरशात ऐकलेलं होतंच. मग गेल्या दसऱ्याला ठरवलं, की प्रत्येक मुलाने घरच्यांसोबत बसून आंब्याच्या पानांची आणि झेंडूची तोरणं करायची आणि आदल्या दिवशी बाजारात विकायची.

एका आईने विचारलं, “सर, ये उनके पूजा का है ना? अपन बनाना क्या?” प्रश्न रास्त होता. मी फतवा देणारा माणूस नाही. एवढंच म्हणालो, की हार-फुलांचा धंदा करणारी मुस्लीम कुटुंबं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, तुमच्या मनाला पटलं तरच करा. त्यांना नाही पटलं. त्यांच्या मुलाकडे मी हिशेबाची वही दिली. (यावरून एका सहकाऱ्याने मला ‘कट्टर लोकांपुढे झुकता’ म्हणून सुनावलं. बाईने शांतपणे प्रश्न विचारला, यात कट्टर काय?)

एका शेतकऱ्याने पानं फुकट दिली, पण अट घातली की डहाळी मोडायची नाही, एकेक पान खुडायचं. आंब्याला मोहर फांदीच्या टोकाला येतो. आत्ता शेंडे मोडले तर तेवढा मोहर गेला. शहाण्यासुरत्या माणसांनाही हे ठाऊक नसतं; मलाही नव्हतं. झेंडू मात्र विकत घ्यावा लागला. दसऱ्याच्या सकाळी महाग असलेला हाच झेंडू संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला असतो, म्हणून सगळी विक्री वेळेत होणं भाग होतं. ती झाली. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा बघायला निघालेल्यांनीही जाता जाता घेतली.

वहीवाल्या मुलाने हिशेब मांडला. विक्री वजा झेंडू, वजा दोरा-सुई. बाकी नफा. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग एका मुलाची अम्मी भेटली. तक्रार नव्हती, सहज बोलता बोलता म्हणाली, “मैं उस दिन काम को नै गई, सर. हार बनाने थे ना.”

आमच्याकडे दसऱ्याचे दिवस म्हणजे सोयाबीन काढणीचे दिवस. वर्षातली बरी मजुरी मिळते ती तेव्हाच. तिने तोरणांसाठी एका दिवसाची रोजी सोडली होती. ती आमच्या वहीत कुठेच नव्हती. तिच्या तोरणांचा नफा आणि तिची बुडालेली रोजी शेजारी मांडली तर त्या घराला तोटाच झाला होता. पावती पुस्तकाने तिच्याकडून वीस रुपये नेले असते. माझ्या खऱ्या कमाईने अख्खी रोजी नेली आणि वर तिच्या मुलाने टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून शाळाशाळांतल्या ‘आनंदनगरी’कडेही मी वेगळ्या नजरेने बघतो. मुलगा भजी विकतो, बेसन-तेल घरचं, पहाटे उठून तळणारी आई. सायंकाळी गल्ल्यातली सगळी रक्कम ‘कमाई’ म्हणून जाहीर होते. मुलांना व्यवहारज्ञान मिळालं, असं आपण अहवालात लिहितो. खरं तर आईचं काम आणि घरचं सामान फुकट असतं, एवढंच ती शिकतात. मोठेपणी हीच मुलं ‘माझी बायको काही करत नाही, घरीच असते’ म्हणतात. घरच्या कामाचा हिशेब मांडला की कुटुंबातली माया कोरडी होते, असं मला एका मुख्याध्यापकांनी सांगितलं. मला तसं वाटत नाही. बापाने आणि मोठ्या भावाने संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून दोरा ओवला असता, तर आईला रोजी सोडावी लागलीच नसती. ‘कुटुंबासह उपक्रम’ असं आपण कागदावर लिहितो, प्रत्यक्षात त्या कुटुंबात एकच माणूस राबत असतं.

यंदा वहीत दोन रकाने वाढवले आहेत. ओवायला कोण बसलं आणि किती वेळ. दिवसा ओवायचं नाही, मगरिबनंतरच, आणि घरातला एक पुरुष बसणार असेल तरच त्या घरी झेंडू द्यायचा. ज्या वेळेची मजुरी धरली, ती विक्रीतून आधी घरी द्यायची. त्यामुळे तोरण दहा रुपयांनी महाग होईल आणि पथकाच्या हाती गेल्या वर्षीपेक्षा कमी पैसे राहतील. उरलेल्या रकमेत सगळी मुलं मेळाव्याला जाऊ शकणार नाहीत, हे मी पालकसभेत सांगितलं. एक वडील उठून म्हणाले, “आम्ही ओवू सर, पण सुईत दोरा कोण घालून देणार?” बायका खूप हसल्या. ते नाव मी वहीत पहिलं लिहून घेतलं आहे.