दूरचे वाळवंट, जवळचे रान

सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोच्या अरण्यात ८ चित्ते आले आणि नामिबिया हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. आता व्यवसायबंधूंच्या सहलींच्या गप्पांतही ते ऐकू येते. सोसुसव्लेच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या, एतोशाच्या पाणवठ्यावरील हत्ती, ट्वीफेलफाँटेनची कातळशिल्पे, हे सारे पाहावे असेच आहे. परंतु त्या देशाकडून घेण्याजोगी खरी गोष्ट निराळी आहे. १९९० साली स्वतंत्र झालेल्या नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून सामूहिक जमिनीवरील गावकऱ्यांना वन्यजीव व पर्यटन यांच्या उत्पन्नावर हक्क दिला. आज अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे गावकरीच सांभाळतात. पाहुणा ज्या प्राण्यासाठी येतो, तो राखण्यात त्यांचेही हित आहे.

आपल्या परिसरात काय उणे आहे? बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमलबस्ती आहे. खानापूर तालुक्यात कदंबांची हलशी आणि तेथील भूवराह नरसिंह मंदिर आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याजवळ बारापेडे गुहा आहेत. तेथील राऊटनचे वटवाघूळ जगात अन्यत्र कोठेही नाही, असे अनेक दशके मानले जाई. उचगावच्या किती मुलांना हे ठाऊक आहे? बालरोगतज्ज्ञ म्हणून मला वाटते की, मुलाची जिज्ञासा विमानतळापासून नव्हे, घराजवळच्या ओढ्यापासून सुरू व्हावी.

मात्र नुसती गर्दी नेणे हा उपाय नव्हे. धबधब्यांवर साचणाऱ्या बाटल्या आपण पाहतोच. वटवाघळांच्या गुहांत तर कोणी न जाणे हेच उत्तम. शिवाय भीमगडच्या वाड्यांतून पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून वाहून आणावे लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जंगल टिकल्याची किंमत ती माणसे मोजतात आणि त्याचा आनंद आपण घेतो. डॉक्टरांना तरी हा व्यवहार रुचू नये.

म्हणून माझी सूचना अशी की, संस्थेची पुढील कौटुंबिक सहल खानापूरच्या रानात न्यावी. वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, वाटाड्या त्याच गावचा असावा, जेवण तेथील घरचे असावे आणि दोहोंचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. त्याच दिवशी मुलांची आरोग्य तपासणी केल्यास चांगलेच. पण ती मोबदल्याच्या बदल्यात नसावी. नामिबियास ज्यांना जायचे त्यांनी अवश्य जावे. फक्त त्याआधी हा शेजार पाहून घ्यावा.