मी पाहिलेला कडा

माझा पुतण्या नोकरीनिमित्त नॉर्वे देशात स्टाव्हांगर गावी असतो. गेल्या वर्षी त्याने मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. सुरीने कापावा तसा सरळ उभा कडा, उंची ६०४ मीटर. माथा अंगणासारखा सपाट, चहूकडून सुमारे २५ मीटर, आणि त्याला कठडा म्हणून नाही! खाली ४२ किलोमीटर लांबीच्या लीसेफ्योर्डचे काळेशार पाणी. आणि कड्यावर आमचे चिरंजीव दोन्ही हात पसरून उभे. कड्याचे नाव प्रेइकेस्टोलेन, म्हणजे प्रवचनकाराचे व्यासपीठ.

आता व्यासपीठ म्हटल्यावर मराठीच्या प्राध्यापकाला कुठला दम निघायला? दुसऱ्याच दिवशी वर्गात 'प्रवासवर्णन' शिकवायचे होते. मी लेखक बाजूला ठेवला आणि नॉर्वेला निघालो. हिमनदीने हजारो वर्षे डोंगर कसा कोरून काढला, हिमयुग सरल्यावर त्या खोल दरीत समुद्र कसा शिरला, आणि त्या कड्यावर उभे राहणाऱ्याला काय वाटते, सारे सांगितले. तास रंगला. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ऐकत होती, म्हणजे पाहा!

तास संपता संपता एक मुलगी उठली. चौकची, कोळ्याघरची. म्हणाली, "सर, आमच्या चौकालापण कडा आहे. एवढा उंच नाही. पण खाली खाडी, समोर वसईचा किल्ला. तुम्ही पाहिलाच असेल ना?"

भाईंदरात राहून मला अठरा वर्षे झाली. बखरवाङ्मय शिकवताना वसईची मोहीम मी दर वर्षी लढवतो. मी म्हणालो, "पाहिलाय तर!"

वाचकहो, खोटे बोलायला काही अडत नाही. अडते ते पुढे. तो 'पाहिलाय तर' चार दिवस मला जेवू देईना. शेवटी रविवारी सकाळी, मुलांना भाजी आणायला जातो असे सांगून (हे दुसरे खोटे) मी स्टेशनाबाहेरून बस पकडली. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडली. भाईंदरच्या गर्दीपासून इतक्या जवळ नारळीची सावली आणि दारापुढे क्रूस असलेली घरे आहेत, हे मला ठाऊक नव्हते असे लिहायला लाज वाटते. चौकला उतरलो तो बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात.

एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारले, "बाबा, धारावीचा किल्ला कुठून?" मुंबईची धारावी निराळी. ही धारावी देवीची. तो उत्तर देणार तोच मागून आवाज आला, "सर, तुम्ही?"

तीच. डोक्यावर मासळीची पाटी.

ती काही बोलली नाही. पाटी उतरवून ठेवली आणि पुढे चालू लागली. मी मागून, गुरुजी! किल्ला म्हणावा तर थोडे पडके बांधकाम, गवत आणि एक टेकडी. पण टोकाला आलो आणि वाऱ्याने मला दोन पावले मागे ढकलले. चष्मा सावरला. खाली खडकांवर पाणी फुटत होते. डावीकडे मोकळा समुद्र, उजवीकडे रेल्वेच्या पुलाच्या दिशेने आत वळत गेलेली उल्हास नदीची खाडी, आणि समोर वसई. आमच्या खाडीला हिमनदीने कोरलेले नाही. नदीच्या मुखात समुद्र दिवसातून दोनदा शिरतो आणि भरतीचे पाणी पार कल्याणपर्यंत चढते. उंचीचे म्हणाल तर नॉर्वेपुढे ही पायरीसुद्धा नव्हे. पण वसईला जाणारे प्रत्येक गलबत या टेकडीच्या डोळ्यांखालून जाणार! चिमाजी अप्पांना वसईआधी धारावी का हवी होती, हे मी वर्षानुवर्षे 'मोक्याचे ठिकाण' या दोन शब्दांत उरकत आलो होतो. धारावी घेतल्यावर मग १७३९ च्या मे महिन्यात वसई हाती आली. त्या दोन शब्दांत केवढे पाणी मावले होते, ते मला तिथे उभे राहिल्यावर दिसले.

मध्येच वारा फिरला आणि डोंगरावरच्या कचऱ्याच्या ढिगाचा दर्प आला. मुलीने पदर नाकाशी नेला नाही; तिला सवय होती. मी रुमाल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"त्या दिवशी मी खोटे बोललो," मी म्हणालो.

"कळलं होतं, सर."

"ते कसे?"

"तुम्ही नॉर्वेचं अर्धा तास सांगितलंत, पण वाऱ्याचं काहीच बोलला नाहीत. आमच्याकडं कड्यावरनं आलेला माणूस आधी वाऱ्याचंच बोलतो."

परत येताना तिच्या आईने सुके बोंबील बांधून दिले. घरी भाजीची वाट पाहत बसलेल्या मंडळींना ते कसे समजावले, तो निराळा लेख होईल.

रात्री पुतण्याला विचारले, "काय रे, तुझ्या त्या कड्यावर वारा असतो का?"

बऱ्याच वेळाने उत्तर आले. "काका, कुणाला सांगू नका. फोटोत मी कडेला उभा दिसतो, पण चांगला दहा हात मागे होतो. वाऱ्याने पुढे जाववेना."