खूण अंगावर नसते

"रूप तर राजबिंडं आहे, पोराला काय धाड भरलीय?" दोन वर्षांचा होऊनही माझा धाकटा भाऊ बोलेना, तेव्हा गल्लीने दिलेला हा निकाल. मुलगे उशिराच बोलतात, असे आजीही म्हणे. तो स्वमग्न आहे हे कळायला त्याचे सहावे वर्ष उजाडले.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन केले. त्यांतील पाच जणांची डोकी मोठी असल्याची नोंद त्यात आहे. शरीरावरील अशा खुणांचा शोध आजही चालू आहे. काही स्वमग्न मुलांचे डोके पहिल्या वर्षी झपाट्याने वाढते. पण पुष्कळांचे वाढत नाही, आणि मोठ्या डोक्याची कितीतरी मुले स्वमग्न नसतात. नुसती टेप लावून निदान होत नाही.

मला वाटते, डोक्यापेक्षा बोट पाहावे. वर्षाचे मूल हाकेला वळते का? दीड वर्षाचे मूल चांदोबाकडे बोट दाखवते का? माझा भाऊ दाखवत नसे. आईचा हात धरून तो डब्यापाशी नेई. आम्हाला त्याचे कौतुकच वाटे!

लवकर ओळखले म्हणून स्वमग्नता जात नाही. पण शिकवण्याची वर्षे वाया जात नाहीत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते. परंतु मूल रोज पाहते ती आईच.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. मला इथे कळलेले हे दोन प्रश्न शाळा न शिकलेल्या माझ्या आईला तेव्हाच कोणी सांगायला हवे होते. मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढे तरी घरोघरी सांगा.